सकळ लिपीचं कुलूप
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'करणी कसाबाची आणि बोलणी मानभावाची' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. कसाब म्हणजे आमच्या समाजातला खाटीक आणि मानभाव म्हणजे महानुभाव पंथाचा साधू. एका ओळीत दोन समाजांची अशी वासलात लावण्याचं कसब आपल्या भाषेला साधलेलं आहे! कसाबाचं राहू द्या. त्याचं काम उघड्यावर चालतं, त्यात कुणाला कोडं पडायचं कारण नाही. पण महानुभावांच्या वाट्याला हे का यावं? अहिंसा पाळणारी, भिक्षा मागून खाणारी, जातपात न मानणारी ही माणसं. तरी 'मानभावी' हा शब्द मराठीत ढोंगी, तोंडावर गोड आणि पोटात वेगळं असणाऱ्या माणसासाठी रूढ झाला. कर्मठांचा रोष हे त्याचं एक कारण आहेच. दुसरं कारण मला त्यांच्या पोथ्यांत दिसतं. या पोथ्या जवळजवळ साडेपाचशे वर्षं बाहेरच्या कुणाला वाचता येत नव्हत्या. जे वाचता येत नाही त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असं माणसं धरूनच चालतात.

गुप्त लिपी म्हटलं की आपल्याला हेरांच्या गोष्टी आठवतात. हल्ली बँकेचे आणि मोबाइलचे व्यवहारही गुप्त लिपीतच होतात. त्या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न हा, की आज घातलेलं कुलूप शंभर-दोनशे वर्षं टिकेल का? याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात ज्यांचं मूळ आहे, त्या पंथाने हा प्रयोग करून दाखवलेला आहे, आणि त्यासाठी काय मोजावं लागतं तेही दाखवलेलं आहे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा पंथ स्थापला. त्यांनी लोकांच्या भाषेत, म्हणजे मराठीत सांगितलं. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी पंथ सांभाळला. एका विद्वान शिष्याला संस्कृतात रचना करण्याची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. संस्कृतात लिहिलं तर स्वामींचा साधाभोळा परिवार, त्यातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचं कारण होतं. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना विचारून, आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. हे काम साधारण १२७८ च्या सुमाराचं मानतात. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. म्हणजे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आधी झाला, आणि तो मुद्दाम सगळ्यांना कळावा म्हणून मराठीत झाला. दोन पिढ्या उलटल्या आणि त्याच मराठीला कुलूप लागलं.

हे कुलूप घातलं चौदाव्या शतकात रवळोबासांनी, असं परंपरा सांगते. हे रवळोबास कवी होते. पंथाच्या सात मानाच्या काव्यग्रंथांपैकी 'सह्याद्रिवर्णन' हे त्यांचं. एका कवीनेच अक्षरांची अदलाबदल करावी याचं मला, त्याच धंद्यातला असल्यामुळे, नवल वाटत नाही. त्यांच्या लिपीचं नाव सकळ लिपी. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशा आणखी लिप्या निघाल्या, पण सर्वांत जास्त चालली ती सकळच.

तिचं तत्त्व सोपं आहे. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर लिहायचं. खरी किल्ली अख्ख्या वर्णमालेची आहे, ती इथे सांगत बसत नाही. समजण्यापुरती माझ्या मनाची एक छोटी किल्ली करू. 'क' आणि 'प' यांची अदलाबदल, 'त' आणि 'र' यांची, 'स' आणि 'ल' यांची. काना-मात्रा-वेलांटी जिथल्या तिथे. आता आपल्या जिल्ह्यातला कापूस लिहू. तो होईल 'पाकूल'. तूर होईल 'रूत'. सरकी होईल 'लतपी'. पाकूल, रूत, लतपी! अक्षरं ओळखीची दिसतात, अर्थ मात्र लागत नाही. वाचणाऱ्याला वाटावं की आपल्यालाच वाचता येईनासं झालं.

ही युक्ती रवळोबासांच्या काळीही नवी नव्हती. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांमध्ये म्लेच्छितविकल्प नावाची एक कला आहे. ती हीच. (नावात म्लेच्छ आहे. ज्याची बोली आपल्याला कळत नाही तो म्लेच्छ, असा तो जुना हिशेब.) तेराव्या शतकातल्या यशोधर नावाच्या टीकाकाराने अक्षरांच्या जोड्या लावून अदलाबदल कशी करायची हेही समजावलेलं आहे.

नवी तर ती नव्हतीच, पण शास्त्राच्या दृष्टीने ती मोडलेलीही होती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा मोठा तत्त्ववेत्ता होऊन गेला. त्याने गुप्त मजकूर कसा फोडायचा यावर एक पुस्तिका लिहिली. गुप्त मजकुराला त्याने 'मुअम्मा' म्हटलं आहे. उर्दूत आजही कोड्याला आम्ही मुअम्माच म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक भाषेत काही अक्षरं वारंवार येतात आणि काही क्वचित येतात. गुप्त मजकुरातली अक्षरं मोजा. जे सर्वांत जास्त वेळा आलं असेल ते त्या भाषेतल्या सर्वांत लाडक्या अक्षराचं सोंग असणार. मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. मराठीत तर काम आणखी सोपं. काना-मात्रा उघड्या असल्या तर 'आणि', 'नाही', 'होता' असे शब्द सोंगातही आपली चाल लपवू शकत नाहीत. बुरखा घेतला तरी चालण्यावरून घरचं माणूस ओळखू येतं, तसंच हे. चार दिवस, थोडा कागद आणि चिकाटी असली तर सकळ लिपीसारखं कुलूप निघतं. आणि ते कसं काढायचं हे ते घातलं जाण्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं.

अल-किंदीची ती पुस्तिका स्वतःच इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात शेकडो वर्षं विसरली गेली होती. ती विसाव्या शतकात परत हाती लागली. तिच्यावर लिपीचं कुलूप नव्हतं, साधी अरबी होती. कुणी उघडली नाही, एवढंच.

मग इतकं कच्चं कुलूप साडेपाचशे वर्षं कसं टिकलं?

मला दिसतं ते असं. एक तर फोडायला आधी पोथी हातात यावी लागते. महानुभावांच्या पोथ्या बाजारात नव्हत्या. त्या मठात, गुरूच्या झोळीत, कापडाच्या बासनात असत. दुसरं म्हणजे किल्ली इतकी लहान होती की ती डोक्यात मावत होती. ती कुठे लिहून ठेवायची गरज नव्हती. दीक्षा घेणाऱ्याला ती दीक्षेबरोबर मिळे, तो पुढच्याला देई. पंथ पंजाबात गेला, पेशावरपर्यंत गेला. ज्यांची घरची बोली पंजाबी, अशा माणसांनी तिकडे मराठी पोथ्या त्याच लिपीत वाचल्या आणि उतरवल्या. राज्यं बदलली, यादव गेले, बहमनी, निजाम, भोसले, इंग्रज आले, पण किल्ली देणाऱ्या हातांची साखळी तुटली नाही. कुलूप कच्चं होतं, पण किल्ली ज्यांच्याकडे होती ती माणसं पक्की होती.

आणि तिसरं कारण जरा बोचरं आहे. बाहेरच्या कुणाला त्या पोथ्या वाचायची इच्छाच नव्हती. म्हण पाठ होती, तेवढ्यावर काम भागत होतं.

हे कुलूप घातलं कुणाच्या भीतीने, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मुसलमानी आक्रमणाच्या धास्तीने, असं एक उत्तर सहज दिलं जातं. मी मुसलमान असल्यामुळे या प्रश्नाला बगल द्यावी असं कुणाला वाटेल, म्हणून सरळच बोलतो. दिल्लीच्या फौजा आल्या, देवगिरी लुटली गेली, १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं, हा इतिहास आहे. त्या धामधुमीत पंथाची माणसं परागंदा झाली आणि लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, असं पंथाची परंपराच सांगते. पण लुटारूला पोथीतल्या मजकुराशी काय कर्तव्य? तो बासन ओढतो, त्यात मोहरा नाहीत म्हणून फेकून देतो किंवा शेकोटीत घालतो. त्याच्यापुढे सकळ लिपीचा काय उपयोग? जळताना सगळ्या लिप्या सारख्याच जळतात. माझ्या मते कुलूप होतं ते वाचता येणाऱ्यांसाठी. ज्यांना मराठी येत होती, ज्यांना पंथाचा राग होता, जे एखादं वाक्य उचलून त्याचा तमाशा करू शकले असते, त्यांच्यापासून आणि दीक्षा न घेतलेल्या उठवळ कुतूहलापासून ते शास्त्र राखायचं होतं.

पोथी हरवली तेव्हा ती वाचवली कुणी? हिराइसा नावाच्या एका बाईने. तिला लीळाचरित्र मुखोद्गत होतं. ते गेल्यावर ज्यांनी ज्यांनी आठवून पुन्हा लिहवलं त्यांच्या पाठांमध्ये हिराइसेचा पाठ आजही ओळखला जातो. गुप्तता आणि जतन ही दोन वेगळी कामं आहेत. कुलूप चोराला अडवतं, वाळवीला अडवत नाही. नागदेवाचार्यांनी ज्या बायाबापड्यांसाठी मराठीचा आग्रह धरला होता, त्यांच्यातल्याच एकीने शेवटी ग्रंथ राखला.

या गुप्ततेची किंमत मोठी होती. पंथाला ती बदनामीने द्यावी लागली. मराठी भाषेला ती वेगळ्या तऱ्हेने द्यावी लागली. आपलं सर्वांत जुनं गद्य, बोलल्यासारखं, छोट्या छोट्या वाक्यांचं, तेराव्या शतकातली बाजारपेठ, तांबोळी, गुरव, वाटेवरचा चोर, देवळाच्या ओट्यावर झोपलेला माणूस दाखवणारं, ते आपल्या कितीतरी पिढ्यांनी वाचलंच नाही. वरच्या माडीवर कणगी भरलेली आणि खाली घरात उपास, अशी गत. बाहेरच्यांपैकी फार थोड्यांना त्याचा गंध होता. अठराव्या शतकातला शहामुनी हा मुसलमान मराठी कवी त्यांपैकी एक. त्याच्या 'सिद्धांतबोधा'वर महानुभाव विचारांची छाप अभ्यासकांनी दाखवली आहे. जन्माने मुसलमान, भाषेने मराठी, आणि दोन्हीकडच्या पंडितांनी ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्या ओसरीवर बसलेला हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

कुलूप उघडलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांची नावं त्यात आदराने घेतली जातात. पण हे काम केवळ अक्षरं मोजून झालेलं नाही. पंथातल्या जाणत्या महंतांनीही पोथ्या बाहेर काढल्या, हात पुढे केला. त्यांना तो निर्णय किती जड गेला असेल याचा विचार आपण करत नाही. शेकडो वर्षं गुरूने शिष्याच्या कानात सांगितलेली गोष्ट एका परक्या, टोपीवाल्या गृहस्थासमोर मांडायची होती.

इथे आपल्या यवतमाळचा मान मोठा आहे. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी इथे राहून या पोथ्यांचा ध्यास घेतला. त्यांच्या शारदाश्रमाचं नाव त्यामुळे पुण्या-मुंबईच्या विद्वानांत झालं. १९२५ साली त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक यवतमाळहून निघालं. कोणत्या कवीने काय लिहिलं, कोणती पोथी कशाची, याचा एवढा पट तोवर मराठी वाचकासमोर क्वचितच मांडला गेला होता. तेव्हाचं यवतमाळ म्हणजे कापसाच्या गाड्या, जिनिंगचा भोंगा आणि कचेरी. त्या गावात बसून एक माणूस सहाशे वर्षांपूर्वीची मराठी सोडवत होता. आज आपल्याच शहरात किती जणांना ते नाव सांगता येईल, हे आपापल्या घरी विचारून पाहावं. पुढे नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६-३७ मध्ये लीळाचरित्राचे भाग छापले. वि. भि. कोलते यांनी आयुष्य घालून तयार केलेली आवृत्ती राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली काढली. तिच्यावर पंथातूनच आक्षेप आले आणि वाद कोर्टापर्यंत गेला. लिपी उघडली तरी हे कुणी वाचावं आणि कसं वाचावं, हा तंटा काही मिटला नव्हता. तिकडे लंडनला रेसाइड नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली सकळ लिपीवर स्वतंत्र लेखच लिहिला. आता तर किल्ली छापील आहे, कुणीही वाचावी.

प्रत्येक गुपिताला एक वय असतं. आपल्या कापूस बाजारात पूर्वी दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. शेतकरी समोर उभा, त्याला काही कळत नसे. ती करपल्लवी फोडायला अल-किंदी लागत नव्हता, पण ते गुपित संध्याकाळपर्यंत टिकलं की पुरे होतं. गाडी रिकामी झाली की गुपित संपलं. लढाईतला निरोप आठवडाभर टिकला तरी भागतं. माणसाचं आजारपण, त्याचं इच्छापत्र, त्याच्या बोटांचे ठसे यांना मात्र आयुष्यभराचं कुलूप हवं. आधारचं पहिलं कार्ड २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या दिवसापासून कोट्यवधी माणसांचे अंगठे आणि डोळे यंत्रात साठवले गेले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आज पाच-सात वर्षांचं जे पोर ठसा देतं ते ऐंशी वर्षं जगेल अशी आपण दुवा करतो. मग त्या ठशावरचं कुलूपही ऐंशी वर्षांचं हवं.

अशी हमी कोण देतं? १९७७ साली अमेरिकेतल्या तीन गणितज्ञांनी एक नवं कुलूप काढलं. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण, या तत्त्वावर ते उभं होतं. आजचे बँकेचे व्यवहार बऱ्याच अंशी त्याच जातीच्या कुलपांवर चालतात. त्यांनी १२९ आकडी एक संख्या जाहीर केली, तिच्याआड एक निरोप लपवला आणि १०० डॉलरचं बक्षीस लावलं. ही संख्या फोडायला चार कोटी अब्ज वर्षं लागतील असा अंदाज तेव्हा छापून आला. ती फुटली १९९४ मध्ये, सतरा वर्षांत. जगभरच्या सुमारे सहाशे हौशी लोकांनी आपापले संगणक आठ महिने कामाला लावले. आतला निरोप निघाला तो अगदीच फुटकळ, काही निरर्थक शब्द. अंदाज करणारे मूर्ख नव्हते. त्यांनी त्या वेळची यंत्रं आणि त्या वेळचं गणित धरलं होतं.

त्याच १९९४ साली पीटर शोर या गणितज्ञाने दाखवलं, की पुढे कधी क्वांटम नावाच्या वेगळ्या तत्त्वावरचे पुरेसे मोठे संगणक झाले, तर या जातीची कुलपं मुळातच निकामी होतील. तसा संगणक अजून झालेला नाही. पण धोका त्याच्या जन्माची वाट पाहत बसत नाही. आज न वाचता येणारा मजकूर आज उतरवून ठेवायचा आणि किल्ली मिळेल तेव्हा उघडायचा, ही रीत जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रशियाच्या तारा अमेरिकेने अशाच जमवून ठेवल्या होत्या. रशियनांनी एकदाच वापरायच्या किल्ल्या चुकून पुन्हा वापरल्या आणि त्या फटीतून अमेरिकन माणसं १९४३ पासून १९८० पर्यंत त्या तारा सोडवत बसली होती. तारा पाठवणारे कित्येक तोवर मरूनही गेले असतील. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटमपुढेही टिकतील अशा नव्या पद्धतींची पहिली मानकं जाहीर केली, आणि आता जगभर जुनी कुलपं काढून नवी बसवण्याचं काम सुरू आहे. शास्त्रज्ञ स्वतःच म्हणतात, की हीही कधीतरी बदलावी लागतील. एकदा घातलं आणि विसरलं, असं कुलूप त्यांच्याकडे नाही.

महानुभावांचं उलट होतं. कुलूप एकच, कच्चं, पण ते विसरणारा कुणी नव्हता. आपल्या अंगठ्याची किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांना आपण ओळखत नाही, ती ते कुणाच्या हाती देतील हे आपल्याला विचारलं जात नाही. मला त्या यंत्रांच्या गणिताची भीती कमी वाटते, या अनोळखीपणाची जास्त वाटते.

आणि कुणीही न घातलेली कुलपंही असतात. मोडी ही काही गुप्त लिपी नव्हती. कुळकर्णी, पटवारी, सावकार सगळे तिच्यात भराभर लिहीत. शाळेतून ती गेली, दोन पिढ्या गेल्या आणि घरातल्या ट्रंकेतला आजोबांचा कागद नातवाला सकळ लिपीइतकाच परका झाला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा पैनगंगेपलीकडे मराठवाड्यात जुनी दप्तरं निघाली. त्यात मोडी होती, निजामाच्या काळची उर्दू होती. कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, आणि एकेका नोंदीवर एकेका घराचं पुढचं शिक्षण आणि नोकरी अडलेली. तहसिलीतले बाबू मोडी वाचणारा कुणी आहे का, उर्दू वाचणारा कुणी आहे का, असं विचारत म्हाताऱ्या माणसांची दारं शोधत होते.